पायाखालचा गाळ कोण मोजणार?

भूकंप जात पाहत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. भूकंप पाहत नसेल. पण कोणाला कुठल्या जमिनीवर जागा मिळणार, हे या देशात जात पाहूनच ठरत आले आहे. खेड्यात आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, मुंबईत खाडीच्या काठाला. देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 साली सुरू झाले, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच साली. पुढे 1970 च्या दशकात शहरातून उठवलेल्या झोपड्या त्याच परिसरातल्या दलदलीत आणल्या गेल्या. तिथे आमच्या लोकांनी आणि मुस्लिम कष्टकऱ्यांनी मिळेल तो भराव टाकून राहण्याजोगी जमीन केली.

त्या भरावाखाली गाळ किती खोल आहे, हे तिथे राहणाऱ्याला कोणी सांगत नाही.

हा प्रश्न जिवाचा का आहे, ते मेक्सिको सिटीने दाखवले. 19 सप्टेंबर 1985 चा भूकंप झाला साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ. तरी या शहरात हजारो माणसे मेली. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर आहे, आणि तो चिखल साधारण दोन सेकंदांना एक या गतीने झुलू लागला. सर्वाधिक फटका 6 ते 15 मजली इमारतींना बसला, कारण त्यांचा झोका चिखलाच्या झोक्याशी जुळला. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसेच.

गाळाचा हा झोका भूकंपाआधीच मोजता येतो. जमीन सतत बारीक थरथरत असते: समुद्राच्या लाटांनी, लोकलने, ट्रकने, कामावर निघालेल्या माणसांच्या वर्दळीने. (2020 च्या लॉकडाऊनमध्ये माणसांमुळे होणारी ही थरथर जगात अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरली. शहर कोण हलवते, याची नोंद यंत्रांनीही ठेवली.) जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेतले युताका नाकामुरा यांनी 1989 मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे. तीन दिशांची कंपने टिपणारे छोटे यंत्र अर्धा तास जमिनीवर ठेवायचे. आडव्या कंपनांना उभ्या कंपनांनी भागायचे. ज्या वारंवारतेला हे गुणोत्तर शिखर गाठते, ती त्या थराची. सुरुंग लावावे लागत नाहीत. एखाद-दुसऱ्या बोअरची जोड मिळाली, की अशा शेकडो नोंदींतून गाळाच्या जाडीचा नकाशा तयार होतो. हादरा नेमका किती पट वाढेल हे मात्र ही पद्धत खात्रीने सांगत नाही; त्यासाठी पुढच्या चाचण्या लागतात.

आता साधे गणित करू. समजा गाळ 25 मीटर जाड आहे आणि आडवा हादरा त्यातून सेकंदाला 150 मीटर वेगाने जातो. जाडीची चौपट भागिले वेग, म्हणजे 0.67 सेकंद. इमारतीचा ढोबळ नियम मजल्यामागे 0.1 सेकंद. सात मजल्यांना 0.7. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या इमारती किती मजल्यांच्या असतात, ते आपल्याच वस्तीत जाऊन मोजा.

2016 च्या भारतीय मानकात अख्खी मुंबई भूकंपाच्या झोन 3 मध्ये आहे. मलबार हिलचा खडक आणि गोवंडीचा चिखल, झोन एकच. जमीन कठीण, मध्यम की मऊ, हा फरक मानक करते. पण तो अहवाल बिल्डरच्या फाइलीत राहतो.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, असा नकाशा मागू नका. उद्या ‘जमीन धोक्याची आहे’ म्हणत त्याच कागदावर वस्ती उठवतील. ही भीती खोटी नाही. गरीब राहतो तोवर धोक्याची असलेली जमीन तो गेल्यावर टॉवरच्या कामाची होते, हे आम्ही पाहतो. पण टॉवर उभा राहतो तो खोल पाइल घालून, म्हणजे उपाय आहे आणि त्याला पैसा लागतो. मग तो पैसा आमच्या इमारतीच्या पायात का जाऊ नये? नकाशा नाकारल्याने गाळ कमी होत नाही. फक्त त्याची माहिती समोरच्याकडेच राहते.

म्हणून पुनर्वसनाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल आणि कंपनांची मोजणी मागा, मराठीत मागा. भूगर्भशास्त्र किंवा सिव्हिल शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रोजेक्टसाठी स्वतःचीच वस्ती निवडावी. मोजणी पहाटे करावी, कारण यंत्राजवळून जाणारी पावले आणि गाड्या नोंद बिघडवतात. सकाळी पाण्याच्या रांगा लागण्याआधी दोन-तीन गल्ल्या होतात.