काय फवारले, हे विचारणारा डॉक्टर हवा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. पाठीवर पंप घेतलेला मजूर डोक्याच्या वर नळी धरून फवारत होता आणि तो फवारा त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरत होता. बोंडअळीच्या धास्तीने पंपात एकाच वेळी दोन-तीन औषधे मिसळलेली असत. त्या हंगामात जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे चर्चा झाली ती कंपन्यांची, कृषी सेवा केंद्रांची आणि सरकारी ढिलाईची. ती व्हायलाच हवी होती. पण उलट्या, घाम आणि अंधुक नजर घेऊन हे रुग्ण ज्यांच्या दारात आधी जातात, त्या गावच्या डॉक्टरला आणि आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला या विषांविषयी आपण काय शिकवले आहे, हा प्रश्न मागेच राहिला. माझे म्हणणे असे की पर्यावरणातल्या आणि कामाच्या जागेवरच्या रसायनांचे ज्ञान प्रत्येक आरोग्यकर्मीच्या रोजच्या निदानात उतरले पाहिजे आणि त्यासाठीचे शिक्षण सक्तीचे झाले पाहिजे. या म्हणण्याला होणारे आक्षेप बिनबुडाचे नाहीत, म्हणून ते एकेक करून तपासतो.

पहिला आक्षेप वैद्यकीय शिक्षकांचा. अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, त्यात आणखी भर कुठे घालायची, आणि हे सारे शिकवले जातेच की! यात अर्धे सत्य आहे. २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात पर्यावरण आणि व्यवसायजन्य आजार सामुदायिक वैद्यकशास्त्रात आहेत, विषशास्त्र न्यायवैद्यकात आहे. अडचण या वाटणीतच आहे. न्यायवैद्यकात विद्यार्थ्याला विष भेटते ते पोलीस केस, व्हिसेरा आणि शवविच्छेदनाच्या निमित्ताने, तर सामुदायिक वैद्यकात ते परीक्षेच्या टिपणापुरते उरते. ज्या वॉर्डात तो रुग्णाशी बोलायला शिकतो, तिथे मात्र त्याला या ज्ञानाची आठवण करून देणारे फारसे कोणी नसते. केसपेपरवर नाव, वय, लिंग यांच्या पाठोपाठ व्यवसायाचा रकाना असतो. त्यात ‘शेतमजूर’ असे लिहिले की पेन पुढे सरकते. कोणत्या पिकात काम करता, शेवटची फवारणी कधी केली, कोणते औषध मारले, डबा घरी आहे का, तेच कपडे अजून अंगावर आहेत का, हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा आग्रह इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवरच्या ग्रंथात धरला होता. त्यामुळे मागणी नव्या विषयाची नाहीच. आहे ते ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी आणा, एवढीच ती आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा. रसायन कोणतेही असो, उपचार लक्षणांवरच करायचा. मग नाव कळून फरक काय पडतो? फरक जिवाचा पडतो. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस या ऑर्गनोफॉस्फेट वर्गातल्या विषांची तीव्र बाधा झाली की डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, लाळ आणि घाम सुटतो, छाती स्रावाने भरते. तिथे अ‍ॅट्रोपिन हे प्रतिविष लवकर आणि पुरेसे द्यावे लागते. पायरेथ्रॉइड वर्गातल्या कीटकनाशकांची बाधा काही वेळा तशीच भासते, पण तिच्यात त्याच हिशेबाने अ‍ॅट्रोपिन देत गेले तर अ‍ॅट्रोपिनचीच बाधा होते. पॅराक्वाट या तणनाशकाच्या रुग्णाला सवयीने ऑक्सिजन लावला तर फुप्फुसांची हानी वाढते, म्हणून तिथे तो हात राखूनच द्यायचा असतो. ऑर्गनोफॉस्फेटचा रुग्ण पहिल्या दिवशी सावरला तरी पुढच्या एक ते चार दिवसांत त्याला मान उचलता येईनाशी होऊ शकते, श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे ठाऊक नसेल तर त्याला घाईने घरी पाठवले जाते. भिजलेले कपडे काढून साबणाच्या पाण्याने अंग धुतले नाही, तर सलाईन चालू असतानाही विष कातडीतून आत जात राहते. आणि विषाचे नाव कळणे तितके अवघडही नाही. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणावरून विषाची तीव्रता कळते, प्रतिविषाची सूचनाही त्याच लेबलावर असते. डबा घेऊन या, असे नातेवाइकांना सांगायचे सुचले पाहिजे, आणि ते शिकवल्याशिवाय सुचत नाही.

तिसरा आक्षेप भूमिकेचा आहे. विषारी रसायनांवर बंदी घालणे, कारखान्यांवर नजर ठेवणे हे सरकारचे काम. डॉक्टरने दवाखाना सांभाळावा. पण सरकारला कळणार कुठून? जपानमधल्या मिनामाताची हकिगत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. चिस्सो या रासायनिक कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अनाकलनीय आजाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली. १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न खाऊ घातलेल्या मांजराला तोच आजार झाल्याचे त्यांना दिसले. कंपनीने तो निष्कर्ष दडपला आणि पाऱ्याचे सांडपाणी १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले. डॉक्टरची नजर काय पकडू शकते आणि तिचा आवाज दाबला गेला तर किती माणसे भरडली जातात, हे दोन्ही इथे दिसते. आपल्या कायद्यानेही ही जबाबदारी डॉक्टरवर टाकली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ नुसार शिशाची बाधा किंवा सिलिकोसिस यांसारख्या अनुसूचित आजाराचा कामगार तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचे असे आणि त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या कामगार संहितेतही तशीच तरतूद आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ खाली विषबाधेची प्रकरणे कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकते. पण जो आजार ओळखायलाच शिकवलेले नाही, तो कळवणार कसा?

चौथा आक्षेप जास्त गंभीर आहे. अनेक रसायनांबद्दल विज्ञान अजून ठाम नाही. अर्धवट माहितीवर डॉक्टर बोलू लागले तर लोकांत घबराट पसरेल. मात्र हा आक्षेप शिक्षणाची गरजच सिद्ध करतो. शिसे, पारा, सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस, ऑर्गनोफॉस्फेट यांच्याबाबत शंकेला जागा उरलेली नाही. प्लास्टिकमधल्या, संप्रेरकांवर परिणाम करणाऱ्या काही रसायनांबाबत पुरावा वाढतो आहे, पण किती मात्रेला किती धोका यावर वाद आहेत. हा फरक रुग्णाला कोण समजावणार? प्रशिक्षित डॉक्टर गप्प बसला की ती जागा मोबाइलवर फिरणारे संदेश आणि शरीरशुद्धीची चूर्णे विकणारे घेतात. शिशाचेच पाहा. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोट दुखणारे, फिकट पडलेले, चिडचिडे, अभ्यासात मागे राहणारे मूल दवाखान्यात येते तेव्हा जंतांचे औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चूक नाहीत, शरीरात लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. पण घरात जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात का, भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे निघतात का, हळद भडक पिवळी दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळलेले असेल का, हे विचारले नाही तर मूल त्याच घरात, त्याच शिशात परत जाते. यात घबराट पसरवणारे काही नाही. नेमका प्रश्न विचारला की नेमकी खबरदारी सांगता येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. कारण कळून गरिबाला काय उपयोग? तो मजुरी सोडू शकत नाही, घर बदलू शकत नाही. खरे आहे, पण डॉक्टरच्या हाती तरीही बरेच असते: वारा पाठीशी घेऊन फवारा, औषधे एकमेकांत मिसळू नका, कामाचे कपडे वेगळे धुवा, गरोदर सुनेला फवारणीच्या शेतात नेऊ नका. २०१५ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघानेही गर्भवतींना विषारी रसायनांपासून वाचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य मानले. आयुर्वेदातले निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारण दूर करणे, हेही तेच सांगते. आणि खेड्यात पहिली गाठ पडते ती बहुधा बीएएमएस डॉक्टरशीच. शिवाय कागदावर नोंदलेले कारण मजुराला नुकसानभरपाईच्या दाव्यात आधार देते. ‘उलट्या व चक्कर’ एवढ्याच नोंदीने त्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रात्यक्षिक परीक्षेत रासायनिक संपर्काचा इतिहास न घेणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जावेत. कापूस पट्ट्यातल्या आंतरवासिता डॉक्टरांची ग्रामीण नेमणूक शक्य तिथे फवारणीच्या हंगामात व्हावी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना जे क्रेडिट गुण लागतात, त्यांत काही या विषयासाठी राखून ठेवावेत. आयुष डॉक्टर, परिचारिका, आशा आणि १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांना मराठीतून, स्थानिक पिके आणि उद्योग समोर ठेवून प्रशिक्षण मिळावे. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेला असावा. ऑर्गनोफॉस्फेटची बाधा दाखवणारे कोलिनेस्टरेज आणि रक्तातले शिसे तपासण्याची सोय जिल्हा पातळीवर असावी, नाहीतर शिकलेले वाया जाईल. आणि या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, रसायने विकणाऱ्या कंपन्यांकडून तो घेऊ नये. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही. विष कोणते, ते ओळखायचे कसे आणि उतरवायचे कसे, हे आपल्याला माहीत आहे. ते माहीत असूनही ज्याच्याकडे रुग्ण आधी येतो त्याला शिकवले नाही, तर पुढच्या हंगामातल्या मृत्यूंना अपघात म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.