घटनेतील पायऱ्या आणि नकाशावरील रेषा

सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या राज्यघटनेतील कलम ७२ प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाला संघातून मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क देत होते. हा हक्क शोभेचाच आहे असे तेव्हा समजले जाई, आणि पक्षाची पकड घट्ट होती तोवर ते खरेही होते. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र त्या कलमामागची उतरंड पाहावी. वरच्या पायरीवर १५ संघ-प्रजासत्ताके, त्यांच्या पोटात २० स्वायत्त प्रजासत्ताके, त्याखाली ८ स्वायत्त प्रांत आणि १० स्वायत्त जिल्हे. बाहेर पडण्याचा हक्क फक्त वरच्या पायरीला.

ही पायरी ठरवायची कशी? स्टालिनने १९३६ मध्ये निकष सांगितले होते: प्रदेश संघाच्या सीमेवर असावा, तेथे त्या समाजाचे बहुमत असावे आणि लोकसंख्या दहा लाखांहून कमी नसावी. तातारस्तानची लोकसंख्या १९८९ मध्ये ३६ लाखांवर होती, एस्टोनियाची साधारण साडेपंधरा लाख. पण तातारस्तान चहूबाजूंनी रशियाने वेढलेले. १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाले, तातारस्तान रशियातच राहिले. (एस्टोनियाचा दावा १९४० पूर्वीच्या स्वातंत्र्यावरही आधारलेला होता, हे मान्य.)

खरी किंमत मोजली ती नागोर्नो-काराबाखने. आर्मेनियन बहुसंख्येचा हा प्रदेश १९२३ मध्ये अझरबैजानांतर्गत स्वायत्त प्रांत झाला. फेब्रुवारी १९८८ मध्ये प्रांताच्या सोव्हिएतने आर्मेनियात विलीनीकरण मागितले. जुलैमध्ये मॉस्कोने नकार दिला. कारण कलम ७८ प्रमाणे प्रजासत्ताकाच्या संमतीविना त्याची सीमा बदलता येत नव्हती. कायद्याच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते. पुढे युद्धे झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने प्रदेश ताब्यात घेतल्यावर काही दिवसांतच एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून गेले.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३ नेमका उलट आहे. संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते; विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. संघराज्याच्या कैवाऱ्यांना हे खुपते, आणि २०१९ मधील जम्मू-काश्मीरच्या विभाजनानंतर त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तरीही मी अनुच्छेद ३ च्याच बाजूने आहे. १९५६ ची पुनर्रचना, १९६० चा महाराष्ट्र, २०१४ चे तेलंगणा ही सारी अखेर साध्या कायद्याने घडली. आंदोलने झाली, माणसे मेली, हे विसरून चालणार नाही. परंतु मागणी करणाऱ्याला अर्ज कोठे करायचा हे ठाऊक होते. महाराष्ट्राने बेळगावसाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. काराबाखच्या सोव्हिएतला असे न्यायालयही नव्हते.