डिस्चार्जनंतरची वर्षे

उन्हाळ्याच्या सुटीत मुले विहिरीत सूर मारतात, आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढतात, कठडा नसलेल्या गच्चीवर पकडापकडी खेळतात. त्यांतले एखादे पडते आणि त्याची मान किंवा पाठीचा कणा मोडतो. दुचाकीवर आईबापांच्या मध्ये बसलेली मुले एका धडकेत रस्त्यावर फेकली जातात. पुढचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो : १०८ ची रुग्णवाहिका, सिव्हिल, तिथून मोठ्या शहरातले रुग्णालय, एमआरआय, शस्त्रक्रिया, मणक्यात बसवलेले स्क्रू. काही आठवड्यांनी डॉक्टर आईवडिलांना बाजूला घेऊन सांगतात, मज्जारज्जूची इजा भरून येणारी नाही, आता घरी न्या. इथवर सरकार काही प्रमाणात सोबत असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रस्ते अपघातातील जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. ही कामे मोठी आहेत. पण मूल घरी आणल्यावर जी वर्षे सुरू होतात, त्यांतली मेहनत आणि ती मेहनत करणारे माणूस यांची नोंद सरकारच्या कोणत्याही वहीत नीट होत नाही. ती झाली पाहिजे. दयेपोटी नव्हे, कायद्याने दिलेला हक्क म्हणून.

ही मेहनत कशी असते ते अशा घरात रात्री कळते. कमरेखाली संवेदना नसलेल्या मुलाला एका कुशीवर अवघडल्याचे जाणवत नाही. म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. आई मोबाइलचा गजर लावून झोपते, उठते, त्याच्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवते, टॉर्चच्या उजेडात माकडहाड आणि टाचा पाहते. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली, की जखमेची सुरुवात झाली हे तिने ओळखायचे. तिथे हयगय झाली तर हाडापर्यंत जाणारे बेडसोअर होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. लघवीवर ताबा नसतो. दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. नळ्या विकत घेणे परवडत नाही, म्हणून अनेक घरांत त्या साबणाने धुऊन, उकळून, झाकणाच्या डब्यात ठेवून पुन्हा वापरतात. शौचाचे वेळापत्रक बसवायचे, सांधे आखडू नयेत म्हणून पायांचा व्यायाम करून घ्यायचा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याहून वर असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले एवढ्या कारणानेही रक्तदाब एकदम भडकतो, डोके ठणकते, कपाळावर घाम फुटतो. अशा वेळी मुलाला ताबडतोब उठवून बसवायचे आणि लघवी मोकळी करायची, हे माहीत नसेल तर मूल दगावू शकते. ही माहिती किती आईवडिलांना डिस्चार्जच्या वेळी शांतपणे, समजेल अशा मराठीत दिली जाते? औषधांची चिठ्ठी मिळते, शिकवणी मिळत नाही.

शिवाय मूल वाढत असते. वयात येण्याआधी अशी इजा झालेल्या मुलांमध्ये कणा वाकडा होत जाण्याचे प्रमाण फार मोठे आहे. काही वर्षांपूर्वी मिळालेली चाकाची खुर्ची आखूड पडते. दहा वर्षांच्या मुलाला खाटेवरून उचलणारी आई, तो पंधराचा झाल्यावर स्वतःची कंबर धरून बसते. तोवर तिची मजुरी सुटलेली असते, धाकट्या भावंडाकडे बघायला कोणी नसते, आणि नातेवाइकांची वर्दळही थांबलेली असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेली माणसे बहुतांशी बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकरच मरत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी हे चित्र पालटले. तुटलेला मज्जारज्जू जोडणारे औषध त्यांच्याकडे नव्हते, ते आजही कोणाकडे नाही. त्यांनी रुग्णांची कूस वेळच्या वेळी बदलण्याची कडक शिस्त लावली, मूत्राशयाची काळजी काटेकोर केली, रुग्णांना कामाला आणि खेळाला लावले. पॅरालिम्पिकचा उगम तिथलाच. म्हणजे या आजारात शुश्रूषा हाच उपचार आहे. गुटमन यांच्याकडे त्यासाठी पाळ्यांमध्ये काम करणारा कर्मचारीवर्ग होता. आपल्याकडे तेच काम एकटी बाई करते, बिनपगारी, बिनसुटीची.

आणि हताश झालेल्या या घरांना गाठायला बाजार टपलेला असतो. स्टेम सेलची इंजेक्शने घ्या, पोरगा चालेल, असे सांगून लाखो रुपये उकळले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. तो फक्त संशोधनाच्या चौकटीत देता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तरीही काही घरांनी शेत विकून हा खर्च केलेला आहे. सरकारी रुग्णालयाने पहिल्याच महिन्यात हे स्पष्ट सांगितले असते तर ते शेत वाचले असते.

आता मदतीचा हिशोब पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम राज्य सरकारने २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये केली. हे चांगले झाले. पण दिवसाला हे ८३ रुपये होतात. त्यातही दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे, म्हणजे रोजचे १३७ रुपये. प्रामाणिकपणे मिळकत सांगणारा कोणता शेतमजूर या मर्यादेत बसेल? राष्ट्रीय न्यास कायद्याखालील निरामय योजनेत वर्षाला १ लाखाचे विमा संरक्षण आहे, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येते. परंतु १९९९ चा तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यापुरता आहे. ज्याची बुद्धी शाबूत आणि फक्त कणा मोडला, ते मूल त्यातून बाहेर राहते. प्राप्तिकर कायद्यानुसार तीव्र दिव्यांग अवलंबितासाठी सव्वा लाखाची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत आणि मुळात कर भरण्याइतके कमावणाऱ्यालाच.

सेवेची किंमत करता येत नाही, असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने ती केलेली आहे. रस्ते अपघातात १०० टक्के दिव्यांगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०२० मध्ये, न्यायालयाने भरपाई ठरवताना दोन परिचारकांचा प्रत्येकी दरमहा ५ हजार रुपये खर्च धरला, त्याला १८ ने गुणले आणि या एकाच बाबीखाली २१ लाख ६० हजार रुपये दिले. एकूण भरपाई ६२ लाखांहून अधिक झाली. अशा मुलाला सांभाळायला आयुष्यभर दोन माणसे लागतात, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने आकड्यांत मांडले. पण ही भरपाई वाहनाच्या विम्यातून येते. विहिरीत मान मोडलेल्या मुलाला कोणती विमा कंपनी देणार? दोन्ही मुलांना आयुष्यभर सांभाळ लागत असताना एकाला लाखो आणि दुसऱ्याला ८३ रुपये रोज, हा फरक केवळ अपघाताच्या जागेवरून पडावा हे न्याय्य नाही.

यावर उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. कलम ३८ नुसार अशी गरज तपासणारे मंडळ नेमायचे आहे. केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारी व्यक्ती लाभार्थी म्हणून कागदावर आली. त्याच राज्यात पंचायतींच्या परिचारिका घरी जाऊन नळी बदलतात, जखमा पाहतात. तामिळनाडूने २०२१ पासून फिजिओथेरपी घरापर्यंत नेली. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग २०२२ मध्ये स्थापन केला. त्या विभागाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

पैसा गावातही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षअखेर सर्वांना सारखा वाटून टाकला जातो, काही ठिकाणी पडून राहतो. त्यातून एअर बेड, महिन्याच्या नळ्या, घरापुढचा आणि शाळेच्या दारातला उतार, शाळेत एक स्वच्छ, रुंद दाराचे स्वच्छतागृह एवढे करता येईल. शाळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तीव्र दिव्यांग मुलाला घरी शिकण्याची मुभा कायदा देतो. ती मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची सबब होऊ नये. दुपारी नळी घालायला जागा आणि मदतनीस नाही, एवढ्यासाठी हुशार मुले शाळा सोडतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी आणि सीमाशुल्क खात्यात नोकरी केली, अपंगांसाठी संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ लिहिले. त्यांची जिद्द असामान्यच. पण शाळेत जायला असामान्य जिद्द लागू नये.

विश्रांतीचाही विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर, दिव्यांग मुलांच्या मातांच्या बालसंगोपन रजेच्या धोरणाचा फेरविचार करण्यास त्या राज्याला सांगितले. सरकारी नोकरीबाहेरच्या मातेला रजा देणारे कोणीच नाही. तिच्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा मुलांकरिता दोन-चार खाटा राखून, वर्षातून पंधरा दिवस मूल तिथे ठेवून घेता येईल. त्याच मुक्कामात किडनीची, कण्याची, खुर्चीच्या मापाची तपासणीही होईल.

येत्या अधिवेशनातील पुरवणी मागण्यांत काळजीवाहक भत्त्यासाठी तरतूद करावी, दिव्यांगांसाठीची ५० हजारांची उत्पन्नमर्यादा काढून टाकावी, आणि मणक्याची इजा झालेल्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत रुग्णालयाने त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घालावे. कार्ड पोचल्यापासून आठ दिवसांत आशा सेविका आणि परिचारिका त्या घरी गेल्या की नाही, याचा जाब जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत विचारला जावा.