आजोबांचं पान उघडण्याआधी

घराण्यात एखादा लेखक होऊन गेलेला असतो. दोन कवितासंग्रह, एक नाटक, तालुक्याच्या साप्ताहिकातलं सदर, पंचाहत्तरीला निघालेला गौरवग्रंथ. तो गेल्यावर नातवंडांपैकी कुणाला तरी वाटतं, आजोबांचं विकिपीडियावर पान हवं. एका संध्याकाळी पान तयार होतं, फोटो चढतो, घरच्या ग्रुपवर लिंक फिरते. थोड्याच दिवसांत पानावर उल्लेखनीयतेबद्दल शंका घेणारी पाटी लागते, नाहीतर पानच काढून टाकलं जातं. मग घरभर एकच सवाल: हे ठरवणारे टिकोजीराव कोण?

राग समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या जागी आहे. पान काढलं म्हणून आजोबा सुमार लेखक ठरत नाहीत. तिथली माणसं कविता वाचून गुण देत नाहीत, तो त्यांचा अधिकारही नाही. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की, या लेखकाशी ज्यांचं नातं, मैत्री किंवा देणंघेणं नाही, अशा दोघातिघांनी तरी त्याच्याविषयी सविस्तर लिहून कुठे छापलं आहे का? वाईला मराठी विश्वकोश घडत होता तेव्हा प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. कुणावर नोंद घ्यायची हे तिथलं संपादक मंडळ आपल्या अधिकारात ठरवू शकत होतं. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे आणि तिथे असं मंडळ नाही. लिहिणारा कोण, त्याला साहित्यातलं किती कळतं, हे वाचकाला ठाऊक नसतं. म्हणून भिस्त छापील पुराव्यावर.

तेव्हा आधी कात्रणांची फाइल उघडा आणि निर्दयपणे निवडा. प्रकाशन समारंभाच्या बातम्या बाजूला ठेवा. व्यासपीठावर कोण होतं, दीपप्रज्वलन कुणी केलं, हे सगळं त्यात असतं. पुस्तकात काय आहे हे नसतं. एकच प्रेसनोट चार दैनिकांत शब्दशः छापून आली असेल तर ते चार पुरावे नव्हेत. प्रस्तावना मोठ्या समीक्षकाची असली तरी ती लेखकाच्या विनंतीवरून लिहिलेली असते. मलपृष्ठावरचा मजकूर, गौरवग्रंथ, स्मरणिका यांचंही तेच. गौरवग्रंथातून जन्मगाव, शिक्षण, नोकरी असा साधा तपशील घेता येईल, पण त्याच्या जिवावर पान उभं राहत नाही. आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो, त्यामुळे तो असणं हा काही मान नव्हे. पुरस्कारांचं तर विचारू नका. साहित्य अकादमीचा किंवा राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार वेगळा, आणि प्रवेशशुल्क भरून मिळालेलं ‘काव्यभूषण’ वेगळं. हे बोलायला कडू आहे, पण फाइलमधली बरीच जागा दुसऱ्या प्रकारानेच अडवलेली असते.

मग उरतं काय? ‘ललित’मध्ये, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिके’त, ‘आलोचना’त किंवा ‘अनुष्टुभ’मध्ये आलेलं सविस्तर परीक्षण. एखाद्या वाङ्मयेतिहासातला परिच्छेद. संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशातली नोंद. लेखकाला न ओळखणाऱ्या अभ्यासकाने लिहिलेला लेख. असे दोन-तीन दाखले हाती लागले तर पान खुशाल होऊ द्या, कुणी हरकत घेतली तर तेच पुढे ठेवा.

नुसतं पुस्तक निघालं एवढं पुरत नाही, हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. पण प्रत्येक पुस्तकाची दखल घ्यायला वेगळी साधनं आहेत. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती 1943 मध्ये छापली गेली. थोर-सामान्य असा भेद न करता पुस्तक नोंदवायचं, हे सूचीचं काम. कोशाला निवड करावी लागते.

आता दोन शब्द पाट्या लावणाऱ्यांना, कारण चूक एकाच बाजूने होत नाही. ‘गुगलवर काही सापडलं नाही’ हे मराठी लेखकाच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक वाक्य आहे. मराठी नियतकालिकांचे कितीतरी अंक आजही फक्त ग्रंथालयातल्या बांधीव खंडांत आहेत. ताराबाई शिंद्यांचंच पाहा. बुलढाण्याच्या या बाईंचं ज्ञात असलेलं पुस्तक एकच, ‘स्त्रीपुरुषतुलना’, 1882 मध्ये पुण्यात छापलेलं. बाईंच्या जन्म-मृत्यूच्या तारखासुद्धा नक्की नाहीत. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं तेव्हा लोकांसमोर आलं. आज त्याशिवाय भारतीय स्त्रीवादाचा इतिहास लिहिता येत नाही. म्हणजे पुरावा एकोणिसाव्या शतकापासून छापील होता, शोधणारा उशिरा आला. स्त्रिया, दलित लेखक, आडगावचे शाहीर यांच्या पानावर पाटी लावण्याआधी निदान एखाद्या जुन्या ग्रंथालयाला विचारा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. जिथे शोधायचं तिथे शोधलं आणि तरी मिळालं नाही, तर पाटी लावायला तुमचा हात आखडू नये. ‘मराठीत पानं वाढली पाहिजेत’ म्हणून डोळेझाक करणं हीही भाषेची सेवा नव्हे.

कुटुंबीयांसाठी आणखी एक. स्वतःच्या किंवा घरच्या माणसावर स्वतः पान लिहू नका. नातं न लपवता, पुरावे जोडून विकिपीडियाच्या चर्चापानावर किंवा तिथल्या ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर सुचवा, लिहिणारा दुसरा असू द्या. पैसे घेऊन पान करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ते टिकवणं त्याच्या हातात नसतं. आणि पान झालं तरी ते तुमच्या मालकीचं नाही. आजोबांच्या नाटकावर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला होता आणि तो छापून आला होता, तर उद्या कुणीतरी तो तिथे लिहील आणि तुम्हाला तो पुसता येणार नाही. तयारी आहे ना?

पुरावे पुरेसे नसले तरी सगळं संपत नाही. लेखकाविषयी फारसं छापलेलं नसेल पण त्याच्या एका पुस्तकाची चांगली परीक्षणं आली असतील, तर लेख पुस्तकावर होऊ शकतो. लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं उलटली की आपल्याकडे साहित्यावरचा हक्क संपतो. 1965 मध्ये वारलेल्या लेखकाची हयातीत छापलेली पुस्तकं 1 जानेवारी 2026 पासून मोकळी झाली. ती विकिस्रोतावर चढवता येतात. आजोबांची माहिती देणाऱ्या पानापेक्षा त्यांची अख्खी कादंबरी कुणालाही वाचता येणं मला तरी मोलाचं वाटतं. हक्क अजून शिल्लक असतील तर पुस्तकाच्या प्रती दोन-तीन ग्रंथालयांना द्या, मराठी विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाकडे पाठवा. त्याला ते आवडलं आणि त्याने त्यावर लिहिलं, तर तोच उद्याचा संदर्भ. नाही लिहिलं, तर आग्रह धरू नका.

आणि आज घरी बसून करता येईल असं एक काम. प्रत्येक कात्रणावर नियतकालिकाचं नाव, तारीख, लेखकाचं नाव आणि पान क्रमांक पेन्सिलीने लिहा. आपल्या घरांतली कात्रणं इतकी नेटकी कापलेली असतात की नेमका तोच मजकूर कात्रीत गेलेला असतो. आजी असेल तर तिला विचारा, तिला वर्ष आठवत असेल. वर्ष कळलं की ग्रंथालयात तो खंड मागता येतो.