सात की आठ?

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हुकली. कारण? एक "स".

झालं असं की शुक्रवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून हिंजवडीहून घरी चाललो होतो. कानात नेहमीचे ब्लूटूथवाले इअरबड्स. शिरवळला फोन लावला आणि अण्णांना सांगितलं, "उद्या सकाळी सातला येतो, दोघं तयार राहा." साताऱ्याला डॉक्टरांकडे साडेआठचा नंबर होता. दुसऱ्या दिवशी पुण्यातून अंधारातच निघालो. सारोळ्याचा पूल ओलांडून नीरेच्या पलीकडे, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यात शिरेपर्यंत मी स्वतःवर जाम खूश होतो. सातला पाच मिनिटं कमी असताना दारात गाडी उभी केली, तर अण्णा आरशासमोर तोंडाला फेस लावून दाढी करतायत आणि आई अंघोळीला गेलेली!

"आरं, तू आठ म्हणालास की!"

मी सात म्हणालो होतो. ते आठ म्हणत होते. पुढचा संवाद इथे देत नाही, सुज्ञ वाचकांनी कल्पना करावी. निघायला आठ वाजले, खंबाटकीत एक ट्रक बंद पडलेला आणि साताऱ्यात पोचलो तोवर आमचा नंबर जाऊन कधीच दुसऱ्याचं ऑपरेशन सुरू झालेलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. आई काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर बोगद्यात शिरल्यावर अण्णा मात्र म्हणाले, "फोनवर तुझा आवाज असाच येतूय बघ. बोगद्यातनं बोलल्यागत."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग आला की आधी दुसऱ्याच्या मॉड्यूलकडे बोट दाखवायचं, हे आमचे संस्कार. त्यामुळे पहिला आरोपी अर्थात अण्णांचे कान. तो आरोप अगदीच खोटाही नाही. अण्णांनी तीस वर्षं शिरवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढली. दोन वर्षांपूर्वी त्यांची कानाची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला होता. सुरुवातीला रेघ बऱ्यापैकी सरळ, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खंबाटकीसारखा उतार. यंत्रांच्या आवाजाने गेलेल्या कानांची ही खूणच असते. खालचे, जाडे आवाज ऐकू येतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय. पण स, श, फ यांच्यासारखे हवा फुंकून येणारे आवाज वरच्या पट्टीत राहतात, तेच नेमके गळतात. "सात"मधला स काढा आणि काय उरतं ते म्हणून बघा. त आणि ठ यांचं भांडण तर फोनवर आधीपासूनच आहे.

पण दुसरा आरोपी माझ्याच कानात होता. ब्लूटूथवर गाणी ऐकताना आवाज एका वाटेने येतो, ए-टू-डीपी नावाच्या. ती वाट एकेरी आहे, तिच्यात माइकला जागाच नाही. तुम्ही बोलायला लागलात की गाडी दुसऱ्या, जुन्या आणि अरुंद रस्त्याला लागते, त्याचं नाव एचएफपी. तिथे आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतले जातात, दोन्हीकडचं यंत्र जरा बरं असेल तर सोळा हजार. आणि जितके नमुने, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो, हे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे (आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलं). आठ हजार म्हणजे चारच्या वरचं सगळं साफ. म्हणजे अण्णांच्या कानातून जे गळतं, ते माझ्या इअरबड्सनी तिकडे पाठवलंच नव्हतं! नव्या एलई ऑडिओत हे सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि इअरबड्स दोन्ही त्या जातीचे लागतात. माझे नव्हते.

तर अशा रीतीने मी अपग्रेडच्या मागे लागलो. आणि या लेखाचा खरा मुद्दा इथे येतो. आपलं पब्लिक हेडफोन घेताना फक्त स्वतःच्या कानाचा विचार करतं. बास कसा आहे, ड्रायव्हर किती आहेत... एकेका कानात सहा-सहा, आठ-आठ ड्रायव्हर! मीही त्यातलाच. पण आपण दिवसातले चार तास ही वस्तू गाण्यासाठी नाही, बोलण्यासाठी वापरतो. तो आवाज आपल्याला कधीच ऐकू येत नाही. त्याची किंमत समोरचा मोजतो.

मी घेतले ते वायरवाले, कानात खोल बसणारे आणि वायर कानावरून मागे वळवून घालायचे. सॉरी, २०२० नंतर जन्मलेल्यांना वायर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. :) ही वळवायची पद्धत स्टेजवरच्या वादकांची. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे इन-इअर बनवले आणि त्यातून पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाला स्वतःचा बँड ऐकू यावा, तोही कान न फोडता, एवढाच हेतू. वायर कानावरून गेली की ओढ कानावर येते, भोकावर नाही. शिवाय वायर शर्टला घासली की कानात जी खरखर येते, ती बरीच कमी होते.

पण याच्यात एक गोची आहे, ती दुकानदार सांगत नाही. साध्या इअरफोनमध्ये माइकची गोळी गालापाशी लोंबते. इथे वायर आधी वर जाते, कानाला वळसा घालते, मग खाली येते. त्यात चार बोटं वायर खर्च होते आणि माइक येतो थेट कॉलरवर. तिथे तो कॉलर, ओढणी, मंगळसूत्र आणि आपल्या आयटीवाल्यांच्या गळ्यातली ती आयडी कार्डाची दोरी, सगळ्यांशी इमानेइतबारे घासतो. मीटिंगमध्ये कोणी "ज्वारी कोण पाखडतंय?" असं विचारलं तर समजा की तुम्हीच. म्हणून घेताना बघायचं ते हे: गोळी तोंडाच्या किती जवळ येते. माझ्या वायरीवर पुढे सरकणारी मणीवजा कडी आहे. ती हनुवटीखाली घट्ट केली आणि माइकच्या वर एक छोटी क्लिप लावली, प्रश्न मिटला.

बाकी गोष्टी पटकन. वायर सुटी होणारी घ्या, कारण आधी मरते ती वायर. ०.७८ मिलिमीटरची दोन पिनांची खाच असेल तर नवी वायर सहज मिळते. एकाच मॉडेलच्या माइकवाल्या आणि बिनमाइकच्या अशा दोन वायरी येतात, ऑर्डर देताना डोळे उघडे ठेवा. जॅकवर तीन काळ्या रेघा म्हणजे माइक आहे, दोन म्हणजे नाही. फोनला जॅकच नसेल तर जो टाइप-सीचा तुकडा घ्याल, तो माइक चालवतो का ते विचारा. दुकानातला मुलगा "सगळं चालतं सर" म्हणेल. बोलून, रेकॉर्ड करून, तिथेच ऐका.

टिप्सवर मात्र पैसे वाचवू नका. फोमच्या टिप्स बोटाने चुरगाळून, कान वर-मागे ओढून आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत धरायच्या. कान बंद झाला की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आपोआप व्हॉल्यूम खाली येतो. हे मी स्वतःसाठीही लिहितोय. बसच्या इंजिनावर मात करायला मी रोज आवाज जवळपास पूर्ण चढवायचो आणि रात्री गादीवर पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजायची. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, असा आहे. ९० डेसिबलला तेच आठवड्याला चार तास उरतात. अण्णांना निदान प्रेस चालवायचा पगार मिळत होता. मी हे काम फुकटात, हौसेने करत होतो! (इंजिनाची खालची घरघर कमी करण्यात नॉइज कॅन्सलेशनवाले सरस आहेत, हे कबूल. आणि रस्ता ओलांडताना, बाइकवर दोन्ही प्रकार खिशात.)

मागच्या रविवारी शिरवळच्या घराच्या गॅलरीत, हायवेचा आवाज मागे चालू असताना, मी लॅपटॉपवर दोनदा आकडे वाचून रेकॉर्ड केले. सात, साठ, आठ, सहा, पुन्हा सात, असे उलटसुलट दहा. एकदा ब्लूटूथवर, एकदा वायरीवर. अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने ऐकले ते लिहिले. ब्लूटूथमध्ये पाच चुकले, वायरीत दोन. एका माणसावरचा प्रयोग आहे, पेपर छापत नाहीये मी. आणि ते दोन चुकले ते चुकलेच, त्याला माझा कुठलाही माइक पुरणार नाही. श्रवणयंत्राची गोष्ट आम्ही दोन वर्षं टाळत होतो. कागद बघून अण्णाच म्हणाले, "आईचं डोळं हू दे, मग माझं कान बघू."

परवा नव्या तारखेसाठी बसमधून फोन केला. कडी घट्ट केली, माइक दोन बोटांत धरून तोंडासमोर आणला आणि म्हणालो, "अण्णा, शनिवारी सात. सहाच्या नंतरचा सात."

"आरं ऐकू आलं," अण्णा म्हणाले, "वरडू नगंस."