ऑलिंपियाच्या दारापाशी

परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी घरी आल्या. चहाचा कप हातात होता, पण लक्ष चहात नव्हते. शेवटी त्यांनी विचारलेच, "भावजी, तुम्ही साप्ताहिकात लिहिता, तुम्हाला ठाऊक असेल. हे मिस्टर ऑलिंपिया म्हणजे काय हो? आमचा धाकटा म्हणतो, कॉलेज सोडतो आणि त्याचीच तयारी करतो. ऑलिंपिकसारखंच काहीतरी असेल ना? मग सरकार पाठवील का त्याला?"

मागोमाग चिरंजीवही आले. वय 19, अंगात बिनबाह्यांचा बनियन, खिशात शिंप्याकडची टेप. दंड 17 इंच भरतो, हे त्याने बसण्याआधीच सांगितले. "काका, 20 इंच झाला आणि वजन 100 किलोवर गेलं की झालं!"

आई आणि मुलगा दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते आणि दोघांचीही समजूत चुकीची होती. आज गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. हीच चर्चा कितीतरी घरांत चालू असेल. म्हणून त्या दोघांना जे सांगितले, तेच इथे लिहीत आहे.

ऑलिंपिक नव्हे, ऑलिंपिया

पहिली गोष्ट ही, की मिस्टर ऑलिंपियाचा ऑलिंपिक खेळांशी काहीही संबंध नाही. शरीरसौष्ठव हा ऑलिंपिकमधला खेळच नाही. मिस्टर ऑलिंपिया ही व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूंची स्पर्धा आहे. शरीरसौष्ठवाची मासिके काढणारे जो वीडर यांनी ती 1965 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. त्या काळी मिस्टर युनिव्हर्स हा किताब मिळाला की खेळाडूला पुढे जिंकण्यासारखे काही उरत नसे. अशा विजेत्यांनी खेळत राहावे, म्हणून त्यांच्यासाठीच ही स्पर्धा निघाली. पहिली दोन वर्षे लॅरी स्कॉट जिंकला. पुढे अर्नॉल्ड श्वार्झनेगरने ती 7 वेळा जिंकली, तर ली हॅनी आणि रॉनी कोलमन यांनी प्रत्येकी 8 वेळा.

आपल्याकडे मिस्टर युनिव्हर्सचा मान नवा नाही. बंगालच्या मनोहर आईच यांनी 1952 साली तो आपल्या गटात मिळवला होता. त्यांची उंची जेमतेम 4 फूट 11 इंच! पंजाबच्या प्रेमचंद डेगरा यांनी 1988 मध्ये मध्यम वजन गटात तो मान मिळवला. मिस्टर ऑलिंपियाचा मुख्य किताब मात्र आजवर एकाही भारतीयाला मिळालेला नाही.

पायऱ्या किती?

या स्पर्धेत अर्ज भरून, फी भरून उतरता येत नाही. सरकारही कोणाला पाठवत नाही. तिथवर जाण्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी हौशी स्पर्धांची. स्थानिक स्पर्धा जिंकत जिंकत अशा मोठ्या हौशी स्पर्धेपर्यंत पोहोचायचे, जिच्या विजेत्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळते. या मान्यतेला खेळाडू 'प्रो कार्ड' म्हणतात. अमेरिकेत एनपीसी या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धांतून ते मिळते. इतर देशांत त्याच व्यवस्थेतल्या पात्रता स्पर्धा किंवा 'अॅमॅच्युअर ऑलिंपिया' यांतून मिळते.

इथे एक मोठी मेख आहे. शरीरसौष्ठवाच्या संघटना अनेक आहेत आणि एकीचा किताब दुसरीकडे चालेलच असे नाही. 2017 मध्ये तर आयएफबीबी या जुन्या जागतिक संघटनेपासून तिची व्यावसायिक शाखा वेगळी झाली. ती आता आयएफबीबी प्रो लीग या नावाने चालते आणि ऑलिंपियाचा रस्ता तिच्याच स्पर्धांमधून जातो. म्हणून कोणी 'प्रो कार्ड मिळवून देतो' म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारावा, "कोणत्या संघटनेचं?" पैसे हातातून जाण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा.

दुसरी पायरी आणखी अवघड. कार्ड मिळाले म्हणजे ऑलिंपिया मिळाले असे नाही. कार्डामुळे फक्त व्यावसायिक स्पर्धांत उतरता येते. एका ऑलिंपियानंतर पुढच्या ऑलिंपियापर्यंत जगभर अशा स्पर्धा होत राहतात. त्यांतली एखादी आपल्या गटात जिंकली, म्हणजे थेट पहिला क्रमांक आला, की ऑलिंपियाचे दार उघडते. मधल्या काही वर्षांत दुसऱ्या ते पाचव्या क्रमांकांना गुण देऊन, त्यांच्या बेरजेवरही काही जणांना घेत असत. आदल्या ऑलिंपियात अगदी वरच्या क्रमांकांवर आलेल्यांना मात्र पुन्हा ही धावपळ करावी लागत नाही. नियमांचे तपशील दर दोन-चार वर्षांनी बदलतात. जिंकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे मूळ सूत्र कायम आहे.

कोळ्याची कथा

हा रस्ता किती लांबचा आहे, हे इजिप्तच्या ममदूह एल्स्बियेच्या कहाणीवरून कळते. 'बिग रॅमी' या नावाने तो ओळखला जातो. हा गडी कुवेतला जाऊन मासेमारी करत असे आणि तिथल्याच जिममध्ये तयार झाला. 2012 मध्ये कुवेतच्या अॅमॅच्युअर ऑलिंपियात जिंकून त्याने प्रो कार्ड मिळवले. 2013 मध्ये व्यावसायिक म्हणून पहिल्याच स्पर्धेत, न्यूयॉर्क प्रोमध्ये, तो पहिला आला आणि ऑलिंपियाला पात्र ठरला. तिथे त्याचा क्रमांक आठवा! पुढे वर चढत चढत 2017 मध्ये तो दुसरा आला आणि 2018 मध्ये सहाव्या क्रमांकावर घसरला. 2019 मध्ये तर तो ऑलिंपियाच्या मंचावर नव्हताच.

2020 मध्ये पात्रतेसाठी तो स्पेनमधल्या स्पर्धेत उतरणार होता. ऐन वेळी कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि संधी हुकली. त्याची आजवरची कामगिरी पाहून आयोजकांनी त्याला खास निमंत्रण दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो मिस्टर ऑलिंपिया झाला आणि 2021 मध्ये पुन्हा. कार्ड हातात आल्यापासून पहिला किताब मिळेपर्यंत 8 वर्षे गेली.

इराणच्या हादी चोपानची अडचण वेगळी होती. त्याच्याकडे अंगमेहनत होती, पण अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता. 2019 मध्ये कॅनडातली व्हँकुव्हर प्रो ही स्पर्धा जिंकून तो पात्र ठरला, व्हिसा उशिरा का होईना हाती पडला, आणि पहिल्याच ऑलिंपियात तो तिसरा आला. 2022 मध्ये तो विजेता ठरला.

टेप तिथे चालत नाही

"पण काका, मापं तर लागतातच ना?" चिरंजीवांचा प्रश्न.

नाही लागत. मंचावर कोणी दंड मोजत नाही. परीक्षक खेळाडूंना शेजारी शेजारी उभे करून ठरलेल्या पोझेस घ्यायला लावतात आणि तुलना करतात. स्नायू किती मोठे यासोबतच ते किती रेखीव दिसतात, वरचे शरीर आणि पाय यांचे प्रमाण जुळते का, पाठ कशी आहे, हे पाहिले जाते. परीक्षक गुण नव्हे, क्रमांक देतात. ज्याच्या क्रमांकांची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. म्हणजे आपण कसे आहोत एवढ्यावर भागत नाही, त्या दिवशी शेजारी कोण उभा आहे यावरही सारे ठरते. दंड 20 इंचांचा आणि पोटऱ्या काड्यांसारख्या, अशा मुलाला टेप कितीही खूश करो, परीक्षक मागेच उभे करतात.

सगळ्यांनी अवाढव्यच व्हावे असेही नाही. 2012 पासून 212 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 96 किलोंच्या खेळाडूंचा गट आहे. 2016 पासून 'क्लासिक फिजिक' हा गट आहे, त्यात उंचीनुसार वजनाची मर्यादा ठरलेली असते. स्त्रियांची मिस ऑलिंपिया स्पर्धा 1980 पासूनची आहे. मधली काही वर्षे ती बंद होती, 2020 मध्ये पुन्हा सुरू झाली.

दारापाशी ठेवलेला प्रश्न

एवढे सगळे ऐकून वहिनी उठल्या. मुलगा मात्र रेंगाळला. आई जिना उतरल्याची खात्री करून त्याने हळूच विचारले, "काका, इंजेक्शनांशिवाय होतं का हे? जिममध्ये एक जण म्हणतो, कोर्स केल्याशिवाय काही खरं नाही."

खरा प्रश्न हाच होता. त्याला खोटे सांगणे मला जमले नाही. 1990 सालच्या ऑलिंपियात उत्तेजकांची चाचणी घेतली गेली होती. पुढच्याच वर्षी ती बंद झाली. यावरून काय समजायचे ते समजावे. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत खेळाडू हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. शरीरातले पाणी काढून टाकण्यासाठी घेतलेली औषधे त्याला भोवली. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर 1996 मध्ये 31 व्या वर्षी गेला, त्याचे एकेक अवयव निकामी होत गेले. आठ वेळा जिंकलेल्या रॉनी कोलमनची गोष्ट निराळी. अवजड वजने उचलून त्याच्या पाठीवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि एके काळचा हा पोलीस शिपाई कुबड्यांवर आला.

मी त्याला म्हटले, "अरे, त्या मंचावर जाणारे मोजके. गल्लीतल्या जिममध्ये सुई टोचून घेणारे मात्र पुष्कळ. त्यांना ना कार्ड मिळतं, ना बक्षीस. यकृत, हृदय आणि मूत्रपिंड यांचं नुकसान तेवढं मिळतं. ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायचं औषध आहे. जिममधला मनुष्य डॉक्टर आहे का?"

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला सांगू नका."

"मी सांगणार नाही. तू सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले. वहिनी रडल्या, पण ओरडल्या नाहीत, हे त्यांचे शहाणपण. व्यायाम बंद करायला त्यांनी सांगितले नाही. अटी दोनच घातल्या. पदवी पूर्ण करायची आणि सुईला हात लावायचा नाही. उत्तेजकांची चाचणी घेणाऱ्या स्पर्धाही असतात, सुरुवात तिथून कर, असे मी सुचवले आहे. डॉक्टरांकडून रक्त तपासून घेण्याचेही ठरले आहे.

आपल्या घरातही एखादा मुलगा आरशासमोर दंड फुगवत असेल. त्याला हसू नका आणि त्याचे स्वप्न न ऐकताच मोडू नका. त्याच्याजवळ बसा, पायऱ्या किती आहेत ते त्याच्याबरोबर मोजा. तो कोणाचे ऐकतो आणि काय घेतो, हेही विचारा. हा प्रश्न तो बहुधा आईवडील जिना उतरून गेल्यावरच दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. तो घरातच विचारता यावा, एवढे तरी आपण करू शकतो.