शर्टाची गोधडी

बाळाची गोधडी आजीच्या जुन्या साडीचीच हवी, हा हट्ट आता सोडलेला बरा. हट्टामागची माया खरी आहे, पण साडीच आता ती राहिलेली नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं फोपनार घ्या. शिवारात कपाशी आणि केळी, जिल्ह्याच्या गावी यंत्रमागांचा खडखडाट, आणि घरात रोज नेसायची साडी बहुतेक कृत्रिम धाग्याची. पलीकडे रावेर, जळगावातही हेच. अशा चार साड्या एकावर एक अंथरून टाके घातले की गोधडी दिसायला छान होते. पण सुईखाली कापड घसरतं, बाळाने ओलं केलं की पाणी आत न मुरता अंगाखालीच राहतं, आणि तापी खोऱ्याच्या उन्हाळ्यात तिच्यावर निजलेलं मूल घामाने चिंब होतं. मग बाळंतविड्यात गोधडीच्या जागी दुकानातलं फरसारखं मऊ ब्लँकेट येतं, आणि तेही त्याच कृत्रिम धाग्याचं. सुती कापड घरातून गेलं असं आपण धरून चालतो, पण ते गेलेलं नाही. ते पुरुषांच्या कपाटात आहे. कॉलर विरलेले चौकडीचे शर्ट, जुन्या लुंग्या, पंचे. त्यांच्या तुकड्यांची चौकडीची गोधडी आजीच्या गोधडीचीच खरी वारस आहे, असं माझं म्हणणं आहे.

गोधडीचा कस नक्षीत नसतो, कापडात असतो. साध्या हवेतही कापसाचा धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरला अर्धा टक्काही धरता येत नाही. तान्ह्या मुलाच्या अंगाखाली काय असावं, हे एवढ्यावरून ठरायला हरकत नाही. त्यातही नव्यापेक्षा जुनं कापड सरस. नव्या कापडात खळ असते, रंग पुरता सुटलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे ते अजून आटायचं असतं. नव्या-जुन्याची मिसळ केलेली गोधडी पहिल्या धुण्यातच एकीकडे फुगते आणि दुसरीकडे तिला चुण्या पडतात. शंभर धुण्यांतून गेलेल्या शर्टाला आणखी आटायला काही उरलेलं नसतं. शर्ट झिजतो तो कॉलरला, बाह्यांच्या टोकांना आणि कोपरांना. पाठीचा मोठा तुकडा बहुधा धड असतो, गोधडीला तोच हवा. अर्थात शर्टातही भेसळ असते. शिवणीच्या आत दडलेल्या कापडाचा (शिलाईच्या दोऱ्याचा नव्हे) एक धागा ओढून काडीवर धरला की कळतं: कापसाची कागदासारखी जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर तो शर्ट फरशी पुसायलाही फारसा कामाचा नाही.

चौकडीच का, असं कुणी विचारील. एक कारण अगदी साधं आहे: आपल्याकडच्या सुती शर्टांत आणि लुंग्यांत चौकडीच जास्त सापडते. दुसरं कारण शिवणाऱ्या हाताला कळतं. खरी चौकडी छापलेली नसते, विणलेली असते. ताण्यात आणि बाण्यात रंगीत सूत ठरावीक अंतराने घातलेलं असतं, आणि दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे तिसरी छटा उमटते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि तिची रेघ कापडाच्या धाग्याबरोबर सरळ जाते. त्या रेघेवर कात्री चालवली की तुकडा तिरका होत नाही. तिरका कापलेला तुकडा ताणला जातो आणि सगळी गोधडी वाकडी होते. ती रेघ काठापासून आत फिरत जाणाऱ्या धावदोऱ्यालाही वाट दाखवते, खडूने आखावं लागत नाही. नवशिक्या हाताला याहून मोठी मदत कोणती? शेजारच्या तुकड्यांच्या चौकटी तंतोतंत जुळवण्याचा हव्यास मात्र धरू नये. दोन शर्टांच्या चौकटी सहसा एका मापाच्या नसतात, आणि जुळवत बसलं तर अर्धं कापड कातरणात जातं.

चिंध्यांची गोधडी बारशाला न्यायची म्हणजे लाजच, असं म्हणणारे भेटतील. ज्या बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं, तिथे जोडकापड द्यायचं? त्यांनी फोपनारकडेच पाहावं. या गावात पाचव्या-सहाव्या शतकातल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती सापडल्या. त्यांतली एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि जोडकापडाचा मान थेट बुद्धांपर्यंत जातो. भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, सांगितलं आहे की मगधातली बांधांनी चौकोनी आखलेली शेतं पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, भिक्खूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशीच चीवरं करून दाखवली. अखंड कापडावर दुसऱ्याचा डोळा जातो, कापून जोडलेल्यावर जात नाही, हाही त्यामागचा विचार होता. म्हणजे चौकोनी तुकड्यांच्या जोडकापडाला प्रतिष्ठा मिळून अडीच हजार वर्षं होत आली. बारशाला एवढी पुरे.

स्वच्छतेचा आक्षेप याहून गंभीर आहे. वापरलेलं कापड तान्ह्या बाळाला कसं चालेल? उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेलं चालतं. कृत्रिम ब्लँकेट त्या पाण्यात घालण्याचा धीर होत नाही, तेव्हा या बाबतीतही सुती कापडच वरचढ ठरतं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. एक वर्षाखालच्या मुलाजवळ झोपेत सुटं पांघरूण ठेवू नये, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. तेव्हा ही गोधडी पांघरायची नाही. जागं मूल जमिनीवर खेळायला ठेवताना, मांडीवर घेताना, तेल लावताना ती खाली अंथरायची. कापसाची जाड भरणही नको. तीन-चार पदर पुरतात, आणि तेवढ्याने ती लवकर वाळतेही.

राहिला प्रश्न शिवायचं कुणी. शर्ट पुरुषांचे आणि टाके बायकांचे, ही वाटणी मला पटत नाही. धावदोरा घालायला कसलंच वरदान लागत नाही. बाळाच्या बापाने निदान उसवण्याचं आणि कापण्याचं काम करावं. आणि शिवून घ्यायची असेल, तर कापड तुमचं म्हणून गोधडी फुकटाची होत नाही. शिवणाऱ्या बाईला नगावर नको, जितके दिवस ती बसली तितक्या दिवसांची मजुरी द्या. कात्री लावण्याआधी बटणं मात्र सगळी मोजून काढा, एकही गोधडीत राहता कामा नये.